गाव बदलण्याचे वय

(मुंबई परिसरातील कुटुंबांसमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



मुंबई, ठाणे, डोंबिवली या पट्ट्यातील मध्यमवर्गीय मराठी घरांत गेली काही वर्षे एक विषय वारंवार निघतो आहे. रविवारच्या जेवणानंतर निघतो, लोकल खोळंबलेल्या दिवशी रात्री निघतो, सोसायटीच्या पुनर्विकासाची बैठक झाली की हमखास निघतो. 'पुरे झाली आता मुंबई. नाशिकला जाऊ, कोल्हापूरला जाऊ, नाही तर रत्नागिरी काय वाईट आहे?' चर्चा तासभर रंगते. जागांचे भाव निघतात, हवापाण्याचे गुणगान होते, तिकडे स्थायिक झालेल्या एखाद्या मावसभावाचा दाखला दिला जातो. आणि बहुतेक घरांत या चर्चेचा शेवट एकाच वाक्याने होतो : 'निवृत्त झालो की जाऊ.'

आजचा विचार या शेवटच्या वाक्याचा आहे. वरवर पाहता ते अत्यंत शहाणपणाचे वाटते. नोकरी पूर्ण होईल, मुले मार्गी लागतील, हाती भविष्यनिर्वाह निधीची रक्कम येईल आणि मग निवांतपणे लहान शहरात जाता येईल. वस्तुतः गाव बदलण्यासाठी याहून अवघड वय दुसरे नाही. जायचेच असेल तर कमावत्या वयात जावे, आणि त्या वयात जाणे शक्य नसेल तर साठीनंतर जाण्याचा विचार फार सावधपणे करावा, असे या व्याख्यानाचे प्रतिपादन आहे. त्याची कारणे क्रमाने पाहू.

न ठरवता झालेली स्थलांतरे

मुंबईतील मराठी माणसाला स्थलांतर नवीन नाही. गिरणगाव वसले तेच कोकणातून आणि घाटावरून आलेल्या माणसांनी. पण त्या चाकरमान्याने मुंबई 'निवडली' असे म्हणता येणार नाही. गावची शेती पुरत नव्हती, म्हणून तो आला. कुटुंब गावी ठेवून तो गाळ्यात राहिला, खाणावळीत जेवला आणि दरमहा मनिऑर्डर करीत राहिला. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि पुढे अनेक गिरण्या पुन्हा पूर्ववत उभ्या राहिल्याच नाहीत. तेव्हा जे गावी परतले, त्यांनीही परतण्याचा निर्णय घेतला नव्हता. परिस्थितीने तो त्यांच्यावर लादला होता.

दुसरे स्थलांतर याहून शांतपणे झाले. गिरगाव, दादर, परळ, लालबाग येथील कुटुंबे वाढली. दोन खोल्यांत दोन भावांचे संसार मावेनात. एक भाऊ डोंबिवलीला गेला, दुसरा बोरिवलीला, त्यांची मुले बदलापूर आणि विरारपर्यंत पोहोचली. जनगणनेच्या आकड्यांत याची स्पष्ट नोंद आहे. मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये ३३ लाख ३८ हजार होती, ती २०११ मध्ये ३० लाख ८५ हजारांवर आली. त्याच दशकात तेव्हाच्या अविभाजित ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांच्या पुढे गेली. आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. याच दहा वर्षांत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्याही घटली. म्हणजे मुंबईच्या जुन्या वस्तीतून माणसे बाहेर पडत होती, परंतु ती कोकणात परतत नव्हती. ती लोकलच्या रुळालगत पुढे पुढे सरकत होती.

या पार्श्वभूमीवर आजची पिढी एका अर्थाने भाग्यवान आहे. आपण कोठे राहायचे, हे शांतपणे बसून ठरविण्याची संधी मुंबईतील मराठी मध्यमवर्गाच्या इतक्या मोठ्या संख्येला प्रथमच मिळते आहे. म्हणूनच हा निर्णय कंटाळ्याच्या भरात होता कामा नये, आणि 'पुढे बघू' म्हणून टोलवलाही जाऊ नये.

पैशांचा हिशेब

सर्वप्रथम पैशांचा विचार करू, कारण प्रत्येक घरात तोच प्रथम होतो. मोठ्या आणि लहान शहरांतील घरखर्चात अंतर आहे, हे शासनानेही मान्य केले आहे. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या घरभाड्यासाठी शहरांचे तीन वर्ग पाडलेले आहेत. सातव्या वेतन आयोगाच्या रचनेत महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेल्यानंतर, म्हणजे जानेवारी २०२४ पासून, मुंबई-पुण्यासारख्या पहिल्या वर्गातील शहरांत मूळ वेतनाच्या ३० टक्के, नाशिक, कोल्हापूर, सोलापूर, नागपूर अशा दुसऱ्या वर्गातील शहरांत २० टक्के आणि रत्नागिरीसारख्या उर्वरित ठिकाणी १० टक्के घरभाडे भत्ता ठरला. जागांच्या प्रत्यक्ष भावांतील अंतर यापेक्षा किती तरी मोठे आहे, हे येथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. डोंबिवलीतील दोन खोल्या विकून नाशिकमध्ये तीन खोल्या घ्याव्यात आणि वर काही शिल्लक टाकावी, हे गणित कागदावर चटकन सुटते.

परंतु या गणितात एक गोष्ट मांडायची राहून जाते. मुंबई परिसरातून बाहेर पडणे सोपे आहे. परत येणे तितके सोपे नाही. येथील घर एकदा विकले आणि चार-पाच वर्षांनी परतावेसे वाटले, तर तेच घर त्याच कुटुंबाच्या आवाक्यात बहुधा राहिलेले नसते. म्हणजे भाव जितका चांगला मिळतो, तितकेच परतीचे दार घट्ट बंद होते. जो निर्णय मागे घेता येत नाही, तो केवळ बेरीज-वजाबाकीवर घेऊ नये.

घर एक, हिशेब चार

आता उदाहरणादाखल एक कुटुंब डोळ्यांसमोर आणू. डोंबिवलीत राहणारे चौघांचे घर. गृहस्थ बेचाळीस वर्षांचे, नोकरी वांद्रे-कुर्ला संकुलात. गृहिणीही नोकरी करणारी, ठाण्याच्या एका खासगी शाळेत शिक्षिका. मुलगा सातवीत. गृहस्थांची आई चौऱ्याहत्तर वर्षांची. विचार नाशिकला जाण्याचा.

गृहस्थांचा हिशेब सरळ आहे. दाराबाहेर पडल्यापासून परत येईपर्यंत रोज साडेतीन तास प्रवासात जातात. वर्षाचे २८० दिवस धरले तर ९८० तास, म्हणजे वर्षाकाठी चाळीस अहोरात्र हा माणूस केवळ प्रवासात असतो. त्या प्रवासाची जोखीमही लहान नाही. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर गर्दीने ओसंडणाऱ्या गाड्यांतून माणसे खाली पडून दगावली. मध्य रेल्वेने प्रवास करणाऱ्या प्रत्येक घरात त्या दिवशी फोन खणखणले होते.

गृहिणीचा हिशेब मात्र वेगळा आहे. ती बँकेत किंवा विमा कंपनीत असती, तर बदली मागता आली असती. खासगी शाळेतील शिक्षिकेला नव्या शहरात बहुधा सेवाज्येष्ठता सोडून नव्याने आरंभ करावा लागतो. लहान शहरात पतीच्या नोकरीची सोय होते, पत्नीच्या योग्यतेचे काम मात्र लवकर मिळत नाही, असा अनुभव अनेक घरांना येतो. 'तिला काय, तिथेही काही तरी मिळेल' हे वाक्य कुटुंबाच्या बैठकीत कोणी उच्चारले, तर बैठक तेथेच थांबवावी. ज्या स्त्रीने पंधरा वर्षे पहाटे उठून डबे करून महिला डब्यातून प्रवास केला, तिच्या कामाचा विचार 'काही तरी' या दोन शब्दांत होऊ शकत नाही.

मुलाचा हिशेब आई-वडील त्याच्या वतीने मांडतात आणि बहुधा चुकतो तो येथेच. 'मुलाला मोकळे मैदान मिळेल, चांगले वातावरण मिळेल' हे खरे आहे. परंतु नाशिक, कोल्हापूर, सांगली येथील बारावी झालेली किती मुले पुढील शिक्षणासाठी पुणे, मुंबई किंवा बंगळुरूला जातात, तेही पाहावे. केवळ मुलासाठी गाव बदलले, तर पाच-सहा वर्षांत मुलगा बाहेरगावी जाईल आणि त्याच्यासाठी निवडलेल्या गावात आई-वडील राहतील. तेव्हा ते गाव त्यांचे स्वतःचे झालेले असले पाहिजे.

चौथा हिशेब आजींचा. तो सहसा कोणी विचारीत नाही. डोंबिवलीत त्या रोज सकाळी चालत देवळात जातात, भाजी आणतात, कधी रिक्षा करून बहिणीकडे जातात. त्यांना कोणावर अवलंबून राहावे लागत नाही. नाशिकमध्ये महापालिकेची शहर बससेवा २०२१ मध्ये सुरू झाली असली, तरी उपनगरातील अनेक वसाहतींतून चार पावलांवर सगळे मिळतेच असे नाही. तेथे घरटी दोन दुचाक्या लागतात. जी व्यक्ती दुचाकी चालवू शकत नाही, ती दुसऱ्याच्या सवडीची वाट पाहत बसते. मुंबईच्या गर्दीला आपण नावे ठेवतो, पण त्याच गर्दीच्या शहरात बारा वर्षांचा मुलगा आणि सत्तरीची आजी एकटी फिरू शकते, हे विसरता येत नाही.

चार हिशेबांचे उत्तर एकसारखे येणार नाही. येथे बहुमताने निर्णय करण्यापेक्षा, ज्याचे सर्वाधिक सुटणार आहे त्याचे म्हणणे सर्वांत आधी ऐकावे. आपल्या कुटुंबपद्धतीचे सामर्थ्य त्यातच आहे.

साठीनंतर नेमके काय सुटते?

आता पुन्हा त्या लाडक्या वाक्याकडे वळू. 'निवृत्त झालो की जाऊ.'

माणूस एखाद्या गावाचा होतो कसा, याचा थोडा विचार करावा. तो घर घेऊन त्या गावाचा होत नाही. मुलाच्या शाळेतील पालकसभेत चार ओळखी होतात. कामाच्या ठिकाणी दहा होतात. कोणाच्या लग्नाला जाणे होते, कोणाच्या आजारपणात दवाखान्यात रात्र काढली जाते, गणेशोत्सवात वर्गणीची पावती फाडता फाडता गल्ली समजते. डॉक्टर, वाणी, दूधवाला, प्लंबर, शेजारच्या इमारतीतील वकील असे हे जाळे विणले जायला दहा-पंधरा वर्षे लागतात. विणण्याचे काम मुख्यतः दोन गोष्टी करतात : मुलांची शाळा आणि आपली नोकरी. साठीनंतर या दोन्ही गोष्टी हाती नसतात.

म्हणजे निवृत्तीनंतर गाव बदलणारा माणूस तीस वर्षांत विणलेले जाळे मागे ठेवतो आणि नवे विणण्याची साधने हाती नसलेल्या वयात नव्या गावी उतरतो. आणि नेमके त्याच वयात त्याला त्या जाळ्याची गरज सर्वाधिक असते. रात्री दोन वाजता छातीत दुखू लागले, तर नवा कोरा सदनिका-संच उपयोगी पडत नाही. दार ठोठावले की उठून येणारा शेजारी उपयोगी पडतो. पती-पत्नींपैकी एक जण मागे राहिला, तर त्या अपरिचित गावात उरलेले आयुष्य कसे जाईल, याची कल्पना करून पाहावी. मोठ्या बंगल्यातील दोन झोपाळ्यांपैकी एक रिकामा झाला की त्या बंगल्याचे आकर्षण किती उरते?

याउलट चाळिशीत गेलेले कुटुंब साठीपर्यंत वीस वर्षे त्या गावात मुरते. त्याची मुले बाहेरगावी गेली, तरी त्यांच्या मित्रांचे आई-वडील गावात असतात. म्हातारपण अशा ठिकाणी येते, जेथे लोक नावाने हाक मारतात.

अर्थात, ज्यांची मुळे त्या गावात आधीपासून आहेत, भाऊ तेथे आहे, भावकी आहे, सुट्ट्यांत आणि सणावारी ज्यांचे येणे-जाणे कधी थांबले नाही, त्यांची गोष्ट वेगळी. ते नव्या गावी जात नाहीत, जुन्याच घरी परततात. मात्र येणे-जाणे खरोखर चालू होते का, हे प्रामाणिकपणे तपासावे. वीस वर्षांत दोनदा पाहिलेले गाव आठवणीत जितके आपले असते, तितके व्यवहारात असतेच असे नाही.

चाळिशीतील अडचणी

येथे एक आक्षेप स्वाभाविकपणे उपस्थित होतो. चाळिशीत जायचे म्हणता, पण नोकरीचे काय? हा आक्षेप रास्त आहे आणि त्याला सोपे उत्तर नाही.

२०२० च्या टाळेबंदीत अनेकांनी गावी बसून मुंबईच्या कंपनीचे काम केले. आता असेच चालणार, असे समजून काहींनी घरेही घेतली. नंतर अनेक कंपन्यांनी कर्मचाऱ्यांना कार्यालयात परत बोलावले. घरून काम करण्याची परवानगी ही मालकाने दिलेली सवलत असते. ती त्या गावातील नोकरी नव्हे. सवलतीच्या भरवशावर बिऱ्हाड हलवू नये. कामाचा पाया त्या गावातच आहे का, हे पाहावे. नाशिकला सातपूर, अंबड येथील औद्योगिक वसाहती आहेत, ओझरला विमानांचा कारखाना आहे, वैद्यकीय आणि शैक्षणिक संस्था आहेत. आपल्या विद्येला तेथे काम आहे का आणि ते काम गेले तर दुसरे मिळेल का, हे दोन प्रश्न स्वतंत्रपणे विचारावेत. मुंबईत एक नोकरी गेली तर दहा दारे असतात. लहान शहरात ती दोन किंवा तीन असतात.

काही जण मधला मार्ग काढतात : घर नाशिकला, नोकरी मुंबईला. पंचवटी एक्स्प्रेसचे पासधारक वर्षानुवर्षे हे करीत आले आहेत. त्यांच्या चिकाटीला वंदन करावे. परंतु एका बाजूचा प्रवास साडेतीन तासांच्या घरात जातो, हेही ध्यानात ठेवावे. डोंबिवलीचे साडेतीन तास वाचविण्यासाठी नाशिकचे सात तास पत्करणे, यातून साधायचे ते साधत नाही. घरात जागा मिळते, पण त्या जागेत बसायला माणूस मिळत नाही.

अकरा महिन्यांची परीक्षा

मग ठरवावे कसे? त्यासाठी एक साधा उपाय आपल्या व्यवहारातच उपलब्ध आहे. आपल्याकडे भाड्याचे करार बहुधा अकरा महिन्यांचे होतात. मुंबईचे घर विकू नये, ते करारावर द्यावे. नाशिकला तसाच करार करून घर घ्यावे. कराराची नोंदणी मात्र दोन्हीकडे रीतसर करावी. हे अकरा महिने म्हणजे परीक्षेचा काळ.

या काळात एक पूर्ण उन्हाळा आणि एक पूर्ण पावसाळा त्या गावात काढावा. सुट्टीत आठ दिवस राहून गाव कळत नाही. नळाला पाणी किती वाजता येते, वीज किती वेळा जाते, शाळेची बस कोठे थांबते, आजींना एकटीने कोठवर जाता येते, गृहिणीला मनासारखे काम मिळते का, मुलाला संध्याकाळी हाक मारायला कोणी येते का, याची नोंद ठेवावी. अकरा महिन्यांनी चौघांनी एकत्र बसावे. उत्तर 'नको' असे आले, तर परतावे आणि त्यात कमीपणा मानू नये. परतीचे घर जागेवर आहे.

'होय' असे उत्तर आले, तरी विक्रीची घाई नको. जुने निवासी घर विकल्यानंतर दोन वर्षांच्या आत दुसरे घेतल्यास भांडवली नफ्यावरील करात सवलत मिळते. पण ती मुदत घर विकल्यावर मोजली जाते. म्हणून आधी गाव पक्के करावे, मग विक्रीचा कागद करावा. या क्रमाने गेले की मुदतीच्या धाकाने भलतीकडे घर घेण्याची वेळ येत नाही.

त्या गावाचे काय?

शेवटचा मुद्दा थोडा वेगळा आहे. आपण जातो तेव्हा ते गाव आपल्याला काय देईल, याची यादी करतो. आपण त्या गावाला काय देणार, हा प्रश्न यादीत नसतो.

नाशिक शहराची लोकसंख्या २००१ मध्ये १० लाख ७७ हजार होती. २०११ मध्ये ती १४ लाख ८६ हजार झाली. दहा वर्षांत ३८ टक्के वाढ. शांततेसाठी जाणारे प्रत्येक कुटुंब त्या शांततेत आपली एक मोटार आणि दोन दुचाक्या घेऊन जाते, गंगापूर धरणाच्या पाण्यात आणखी एक नळ जोडते. म्हणून तेथे गेल्यावर स्वस्त मुंबई म्हणून राहू नये. वर्षानुवर्षे मतदारयादीतील नाव डोंबिवलीतच ठेवणारा माणूस नाशिकच्या रस्त्यांविषयी तक्रार करण्याचा अधिकार गमावतो. पहिल्या वर्षीच नाव नव्या पत्त्यावर घ्यावे. १८४० सालापासून चालत आलेल्या तेथील सार्वजनिक वाचनालयाचे सभासद व्हावे. गोदाघाटावरच्या वसंत व्याख्यानमालेत जाऊन बसावे. रंगपंचमीला पेशवेकालीन रहाडीत उडी मारण्याचे धैर्य नसेल, तर काठावर उभे राहून भिजावे. सिंहस्थाच्या वर्षी घरी येणाऱ्या पाहुण्यांसाठी गाद्या जमवून ठेवाव्यात.

जुना नाशिककर गोदावरीचा पूर आकड्यांत मोजत नाही. पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागले की छातीला, असे तो विचारतो. मुंबईहून गेलेल्या गृहस्थाने एखाद्या पावसाळ्यात हाच प्रश्न आपण होऊन शेजाऱ्याला विचारला, तर त्या कुटुंबाचे स्थलांतर पूर्ण झाले असे समजावे. त्यासाठी काही पावसाळे हाताशी असावे लागतात. साठीपर्यंत थांबलेल्या माणसाकडे ते कमी असतात, एवढेच आज आपापल्या घरी जाऊन जेवणाच्या पाटावर मांडावे, ही विनंती.